सलाम ताई! : नाताळच्या पत्रांना उत्तरं

नोव्हेंबर संपत आला की पत्रं वाढतात हे आता ठरलेलंच आहे, पण यंदा पोस्टाने, मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही आलं ते सगळं फिरून फिरून एकाच जागी येत होतं, बेथलेहेममध्ये येशू जन्मला त्या रात्रीपाशी. कोणी तारखेवरून अडलंय, कोणी घरभाड्यावरून, आणि एका आईने तर असं विचारलंय की ते वाचून दोन दिवस मी पेन उचललं नाही. सगळी पत्रं घ्यायला जागा नाही, सहा घेतली आहेत. नावं नेहमीसारखीच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे, कॉलेजला आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हणे येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालेलाच नाही, राजे तीन नव्हते, गोठ्यात बैल नव्हता, गाढव नव्हतं, सगळं नंतर घुसवलंय. मी बायबल उघडून बघितलं तर खरंच नाहीये! मग लहानपणापासून नाटकात जे केलं ते सगळं खोटं? चर्चमध्ये बसतो पण मन लागत नाही. पप्पांना विचारलं तर ते ओरडले. — एक तरुण, बोरिवली

उत्तर : अरे, तू व्हिडिओ बघून थांबला नाहीस, शास्त्र उघडून स्वतः तपासलंस, मला तर त्याचाच आनंद झाला. आणि तुला जे दिसलं ते बरोबर आहे. शास्त्रात तारीख नाही. २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोमची आहे, इ.स. ३३६ ची, म्हणजे जन्मानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. इसवी सनाची मोजणी पण सहाव्या शतकातल्या एका संन्याशाने केली आणि त्यात त्याचा काही वर्षांचा हिशोब चुकला, कारण हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पूर्व ४ मध्येच वारला, आणि येशूचा जन्म त्याच्या हयातीतला. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा मत्तय ‘मागी लोक’ म्हणतो, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, राजे म्हणत नाही आणि किती होते तेही सांगत नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन असा आपणच हिशोब लावला. आणि ते आले तेव्हा बाळ ‘घरात’ होतं असं स्पष्ट लिहिलंय. बैल आणि गाढव आले यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, तिथे म्हटलंय की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपली गव्हाण ओळखतं, पण माझ्या लोकांना काही कळत नाही. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावात संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा ठेवून नाताळ केला, तिथून पुढे घराघरात, चर्चमध्ये गोठे करायची प्रथा पसरली. आणि तू नाटकात कधी सराईचा मालक झाला असशील तर ऐक, ‘जागा नाही’ म्हणून दार लावणारा तो माणूससुद्धा शास्त्रात कुठेच नाही.

आता हे सगळं काढून टाक. बाजूला ठेव. काय उरतं बघ. नासरेथसारख्या आडगावातली एक मुलगी उरते, जिला लग्नाआधी दिवस गेले आणि जिने ‘मी प्रभूची दासी आहे’ असं म्हटलं. रात्रपाळीचे मेंढपाळ उरतात. कोकरू परवडत नाही म्हणून मंदिरात पाखरांची जोडी अर्पण करणारे आईबाप उरतात. लूक पहिल्याच ओळींमध्ये सांगतो की मी सगळं मुळापासून नीट शोधून काढलंय आणि मग लिहितोय, म्हणजे चौकशी करणं हे तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यानेच केलंय, मग तू केलीस तर कोणी ओरडायचं कारण काय.

आणि एक गोष्ट माझ्याकडून घेऊन जा. लूकच्या पहिल्याच अध्यायात, मूल होणार असं सांगायला आलेल्या देवदूताला दोघांनी प्रश्न विचारले. जखऱ्या याजकाने विचारलं, हे मी कशावरून समजू? येशूची आई मरीया, तिने विचारलं, हे कसं होईल? जखऱ्याची वाचा बंद झाली, मरीयेला समजावून सांगितलं गेलं. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. पुढे नीट वाचल्यावर कळलं की जखऱ्या पुरावा मागत होता आणि मरीया वाट विचारत होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की जखऱ्याचं फक्त तोंड बंद झालं, त्याला दिलेलं वचन मागे घेतलं गेलं नाही. त्याच्या म्हाताऱ्या बायकोला मुलगा झाला तो झालाच. शंका घेतली म्हणून देवाने त्याच्या घरातून पाळणा उचलून नेला नाही. तू तर अजून नुसता विचारतोयस. पप्पांना हे उत्तर वाचून दाखव, पण त्यांच्याशी भांडू नको. ते ओरडले ते घाबरून ओरडले असणार.

प्रश्न : सलाम ताई. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्याला सहा वर्षं झाली. बिल्डरने भाडं देणं कधीच बंद केलंय. दर अकरा महिन्यांनी घर बदलतो, आता सातवं घर चाललंय, वन आरके. खोके उघडायचे सोडून दिलेत, नाताळचा स्टार कुठल्या खोक्यात आहे तेही माहीत नाही. चर्चमध्ये ‘त्यांना जागा नव्हती’ वाचतात तेव्हा रडू येतं. देवाला आमचा पत्ता माहीत आहे का? — एक गृहिणी, कुर्ला

उत्तर : ताई, आधी व्यवहाराचं बोलते कारण देवाचं नाव घेऊन व्यवहार टाळायचा हे मला पटत नाही. एकट्या फिरू नका. सोसायटीचे बाकीचे मेंबर गोळा करा, करारनामा काढा, भाडं कोणत्या महिन्यापासून आलेलं नाही ते तारखेनिशी लिहून काढा आणि सगळे मिळून वकिलाकडे जा. तोंडी आश्वासनावर आता एक दिवसही काढू नका.

आता तुमचा प्रश्न. ज्या ओळीने तुम्हाला रडू येतं त्या ओळीत मराठी बायबलमध्ये ‘उतारशाळा’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द काताल्युमा. लूकने हाच शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरलाय, कोणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. आणि येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत खरी सराई येते तिथे त्याने वेगळाच शब्द घातलाय. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की मरीयेचा नवरा योसेफ बहुतेक नातेवाइकांकडेच उतरला असावा, गाव त्याच्या पूर्वजांचं, नावनोंदणीसाठी सगळं गाव भरलेलं, पाहुण्यांच्या खोलीत आधीच माणसं झोपलेली. तिकडच्या साध्या घरात जनावरं रात्री घरातच बांधायचे, त्याच भागात गव्हाण. म्हणजे कोणी हाकलून दिलं असं नाही, जागाच नव्हती, तरीही कोणीतरी ‘जरा सरका’ म्हटलं असणार. हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथी सीट कशी होते ते तुम्ही रोज बघता, कोणी आरामात बसत नाही पण चौथी बाई पण बसते.

माझ्या आजीचं घर नगर जिल्ह्यात होतं. तिथली गव्हाण दगडाची होती, आणि आतला दगड गुरांच्या जिभा लागून लागून इतका गुळगुळीत झालेला की हात फिरवला तर काचेसारखा लागायचा, कडेला मात्र खडबडीत, आणि कोपऱ्यात कडब्याची कुसळं अडकलेली. तिकडे पण दगडात कोरलेल्या गव्हाणी सापडल्या आहेत. आपण नाटकात लाकडाची सुबक पेटी करतो, वर सोनेरी कागद लावतो. मला वाटतं ती थंड असणार, ओलसर असणार, आईने जे बाळंतं आणलं होतं ते तिने दोनदा गुंडाळलं असणार. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘गरिबीतही आनंद असतो’ असं तुम्हाला सांगायला मला जमणार नाही. गव्हाण ही गैरसोयच होती.

आणि तिथून पुढेही या कुटुंबाला एका जागी राहता आलं नाही. नासरेथहून बेथलेहेम, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, दादरहून निघून लोणावळ्याच्याही पुढे. मग कदाचित बेथलेहेममधलंच दुसरं घर, मग रातोरात मिसर देश, म्हणजे इजिप्त, मग परत येताना यहूदीयात राहायची भीती म्हणून पुन्हा नासरेथ. मूल नीट चालायला लागेपर्यंत किती घरं झाली ते तुम्हीच मोजा. योहान त्याच्या शुभवर्तमानात म्हणतो, शब्द, म्हणजे येशू, देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. त्या ‘वस्ती केली’ला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ तंबू ठोकला. पक्कं घर बांधलं असं योहानाने लिहिलेलंच नाही, आणि ताई, आपल्या मराठीत तर वस्ती म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचा पत्ता अकरा महिन्यांनी बदलतो. त्याचा पण बदलत होता.

स्टारचा खोका शोधा. नाहीच सापडला तर आमच्या चर्चच्या माळ्यावर तीन जुने स्टार पडलेत, वायर तपासून एक पाठवते. संपादकांकडे निरोप द्या.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर छापखान्यात बावीस वर्षं होते, मार्चमध्ये तो बंद झाला. तेव्हापासून घरात बोलत नाहीत. मंडळीत येत नाहीत. रात्री घरची प्रार्थना होते तेव्हा भिंतीकडे बघत बसतात, आमेनसुद्धा म्हणत नाहीत. पहाटे पाणी भरतात, सासूबाईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला नेतात आणतात, पण तोंडातून शब्द नाही. त्यांचा विश्वास संपला का? मी त्यांच्यासाठी काय प्रार्थना करू? — एक बहीण, भांडुप

उत्तर : तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि दर वेळी त्या एका वाक्यावर थांबले जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. पहाटे पाणी भरतात, आईला डायलिसिसला नेतात. त्यावर बोलायचंय, पण आधी एक आठवण सांगते.

आमच्या चर्चमध्ये नाताळचं नाटक बरीच वर्षं मीच बसवायचे. एका वर्षी योसेफाचं काम ज्या मुलाला दिलं त्याची आई तालमीच्या दुसऱ्या दिवशी आली, म्हणाली, ताई, हेरोदाला एवढे डायलॉग, मेंढपाळांना डायलॉग, देवदूताला तर पानभर आहेत आणि माझ्या मुलाला एक पण नाही, नुसता उभा राहतो, एक तरी ओळ द्या हो. मला पण वाटलं, खरंच की. रात्री जेवणं झाल्यावर मत्तय काढला, लूक काढला, पहिले दोन-दोन अध्याय बोट ठेवून वाचले, योसेफाच्या तोंडचं एखादं वाक्य मिळतंय का बघायला. नाही मिळालं. सबंध शास्त्रात हा माणूस एक शब्द बोललेला नाही! दुसऱ्या दिवशी त्या आईला तसं सांगितलं, ती काही खूष झाली नाही. पण नाटकाच्या दिवशी झालं असं की मरीया झालेल्या मुलीच्या डोक्यावरची निळी चादर सारखी घसरत होती, पिन निघाली होती बहुतेक, आणि हा मुलगा एका हातात कंदील धरून दुसऱ्या हाताने दर वेळी ती चादर हळूच तिच्या खांद्यावर सारत होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. माझं सगळं लक्ष नंतर त्या हाताकडेच होतं.

मत्तयाचा योसेफ बघा. मागणी झालेली आहे, आणि त्या काळी मागणी म्हणजे जवळजवळ लग्नच, मोडायची तर सोडचिठ्ठी द्यावी लागायची. कळतं की तिला दिवस गेलेत आणि मूल आपलं नाही. देवदूत अजून आलेलाही नाही तेव्हाच त्याने ठरवलंय की तिचा तमाशा करायचा नाही, गुपचूप सोडायचं. म्हणजे काही कळत नसताना, मनात जाळ असताना, त्याने आधी तिची अब्रू जपली. मग स्वप्न पडतं, दूत म्हणतो, तिला घरी आणायला भिऊ नको. आणि मत्तय काय लिहितो, तर उठल्यावर त्याने दूताने सांगितलं होतं तसं केलं. पुढे हेरोद मारायला निघतो, परत स्वप्न, ऊठ, बाळाला आणि आईला घे, मिसरला पळ, मी सांगेपर्यंत तिथेच राहा. तो त्याच रात्री निघतो. किती दिवस राहायचं ते सांगितलेलं नाही, खायचं काय ते सांगितलेलं नाही, तिथे सुताराला काम मिळेल का ते नाही. मग तिसरं स्वप्न, हेरोद मेला, परत जा. परत येतो तर तिथे त्याचा मुलगा अर्खेलाव गादीवर, मग चौथं स्वप्न आणि गालीलची वाट. देवाने त्याला सगळा नकाशा एकदाही दाखवला नाही, दर वेळी पुढचं एकच पाऊल. आणि प्रत्येक वेळी तो उठला. मला सगळ्या जन्मकथेत विश्वास म्हणजे काय ते कुठे दिसत असेल तर या उठण्यात दिसतं. गाणं मरीयेचं आहे, मंदिरात बाळाला हातात घेणाऱ्या शिमोनाचं आहे, दूतांचं आहे. योसेफाचं गाणं नाही, त्याचं उठणं आहे.

तुमचे मिस्टर पहाटे पाण्याला उठतात ना, ते साधं नाही. बावीस वर्षांचं काम गेलेला माणूस अंथरुणातून उठतो, बादल्या भरतो, आईचा हात धरून रिक्षात बसवतो, आठवड्यातून तीन वेळा. त्यांच्या विश्वासाची वाचा गेली असेल, विश्वास गेला असं मी तुमच्या पत्रावरून म्हणणार नाही. जखऱ्याचं तोंड नऊ महिने बंद होतं आणि तो याजक होता! त्यांच्यावर आमेन म्हणायची सक्ती करू नका. त्यांच्या समोर ‘प्रभू, यांना विश्वास दे’ अशी मोठ्याने प्रार्थना तर मुळीच करू नका, माणूस आणखी आत जातो. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या शेजारी बसा, एवढंच. एखाद्या दिवशी डायलिसिसच्या फेरीला तुम्ही जा आणि त्यांना झोपू द्या.

पण इतके महिने गप्प राहणं हे नुसतं मनाला लागणं नसतं, कधी कधी तो आजार असतो, तेव्हा हॉस्पिटलात जाताच आहात तर तिथल्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तुम्ही स्वतः कोणाशी बोलता? मरीयासुद्धा दूत गेल्याबरोबर उठून डोंगराळ भागात नात्यातल्या अलीशिबेकडे, जखऱ्याच्या बायकोकडे, गेली आणि तिच्याजवळ तीन महिने राहिली. तुम्हाला पण एक अलीशिबा हवी. मंडळीत नसेल तर चाळीत असेल.

प्रश्न : नमस्कार. आम्ही हिंदू आहोत, हे मासिक शेजारच्यांकडे येतं. माझी मुलगी सात वर्षांची, शेजारच्या मैत्रिणीबरोबर गोठा करायला गेली आणि आता घरी पण करायचा म्हणतेय. सासूबाईंची हरकत नाही, त्या फक्त विचारतात की आपण केला तर तुमच्या लोकांना चालेल का, आणि त्यात काय काय ठेवायचं असतं. — एक आई, लालबाग

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. न चालायला काय झालं! दिवाळीत किल्ला करता ना, तेच सामान काढा. माती, विटेचे तुकडे, गोणपाट, मोहरी पेरून आठवड्यात हिरवळ. मावळे ठेवायचे तसे मेंढपाळ ठेवा, मातीचे नसतील तर मुलीला करू दे, वाकडे झाले तरी चालतील. दोन गोष्टी फक्त पाळा, कारण मुलांना त्यातच मजा येते. बाळ २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवायचं नाही, गव्हाण तोवर रिकामी. आणि मागी लोकांना एकदम गोठ्यात उभं करू नका, ते लांबून आले, त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, फ्रिजवर ठेवा, आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचले पाहिजेत. तुमच्या मुलीने विचारलं की ते रस्ता कसा शोधतात तर सांगा, तारा बघून, आणि मध्ये एकदा चुकले होते, सरळ राजवाड्यात गेले होते, तिथे विचारून मग बरोबर जागी आले.

प्रश्न : ताई, माझं बाळ एप्रिलमध्ये गेलं, सात महिन्यांचं होतं. सगळे म्हणतात नाताळ आहे, आनंद करा, तारणारा जन्मला. मला एकच विचारायचंय. देवाने योसेफाला स्वप्नात सांगितलं की पळ, हेरोद मुलांना मारणार आहे. शेजारच्या घरातल्या बापाला का नाही सांगितलं? बेथलेहेममधल्या बाकीच्या आयांचं काय? रात्री झोप लागत नाही, हेच डोक्यात फिरतं. — एक आई, मालाड

उत्तर : बाई गं. तुमच्या ‘का’ला शास्त्रात उत्तर दिलेलं नाही आणि मी माझ्या मनाने एखादं बनवून तुमच्या हातात ठेवणार नाही. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला आवडला’, ‘तिकडे देवदूत झाला’ असं कोणी म्हणत असेल तर ते ऐकून घ्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

माझा पहिला मुलगा चार दिवस जगला. डिसेंबरच होता. दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले तर गॅलरीतल्या दोरीवर झबली वाळत होती, आईने माझ्या जुन्या मऊ साडीची शिवलेली, सहा होती, धुऊन घातली होती आम्ही येणार म्हणून. ती काढायचं कोणाचं धाडस होईना. संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, कोणाशी काही बोलल्या नाहीत, गॅलरीत गेल्या, एक एक झबलं काढलं, खाली बसून मांडीवर घडी घातली, सहाही उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर ठेवली, मग आत जाऊन चहा केला, माझ्या हातात कप दिला आणि माझ्या शेजारी अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवसात शेकडो शब्द कानावर पडले असतील, मला एकही आठवत नाही. त्या घड्या आठवतात.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला बेथलेहेमच्या त्या मुलांची आठवण करतात, त्या दिवशी आमच्या पाळकांनी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला. जन्मकथा मी लहानपणापासून ऐकत आले होते पण नाटकात आपण मागी लोकांनी भेटी दिल्या की पडदा पाडतो, तलवारींचा भाग मुलांना नको म्हणून गाळतो. मत्तयाने गाळलेला नाही. दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं, असं वयासकट लिहिलंय. आणि मग तो यिर्मया संदेष्ट्याची ओळ घालतो, इस्राएल लोकांची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि सांत्वन पावत नाहीये, कारण ती नाहीत. ते ऐकलं आणि चार दिवसांनंतर माझ्या पोटात जे गोठलं होतं ते पहिल्यांदा हललं. सांत्वन पावत नाहीये, असं शास्त्रात आहे. तिला कोणी गप्प बसवलेलं नाही, तिला विश्वास कमी आहे असं कोणी म्हटलेलं नाही.

पुढे कधीतरी यिर्मयाचा तो एकतिसावा अध्याय उघडला तेव्हा दिसलं की त्या ओळीच्या लगेच पुढे आशेचं वचन आहे, रडणं थांबव, तुझी मुलं परत येतील असं. मत्तयाला ते पाठ असणार, त्याच्या लोकांचं शास्त्र ते. तरी तो तिथपर्यंत जात नाही, रडण्यावरच थांबतो. मला त्या थांबण्याचा फार आधार वाटला. आशा आहे, पुढच्याच ओळीत आहे, पण त्याने त्या आयांना तिकडे ढकललं नाही.

आणि जे मूल त्या रात्री वाचलं, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बेथलेहेमपासून यरुशलेम आठ-नऊ किलोमीटर. तीसेक वर्षांनी तिथे त्याला मारलं तेव्हा पळ म्हणून सांगायला कोणी दूत आला नाही, आणि त्याची आई तिथे उभी होती. शिमोनाने तिला बाळ चाळीस दिवसांचं असतानाच सांगितलं होतं की तुझ्या जिवातून तलवार जाईल. म्हणजे देवाने आपल्या मुलाला त्या बाकीच्या आयांच्या दुःखातून कायमचं बाहेर ठेवलं नाही. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. मी मात्र याला धरून राहिले, बाकी सगळं निसटत होतं तेव्हा.

यंदा स्टार लावू नका, फराळ करू नका, कोणी बोललं तर माझं नाव सांगा. २८ तारखेला जमलं तर एक मेणबत्ती लावा आणि पाळकांना सांगा की प्रार्थनेत बाळाचं नाव मोठ्याने घ्या. नाव घेतलेलं ऐकावंसं वाटतं, मला माहीत आहे. झोप एप्रिलपासून लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा, गोळी घ्यावी लागली तर घ्या, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काहीही नाही. आणि मला परत लिहा. उत्तर मासिकात छापणार नाही, तुम्हाला पाठवीन.

प्रश्न : ताई, मी नर्स आहे. २४ ला माझी नाइट लागलीय, सलग तिसऱ्या वर्षी. चर्चला जाता येत नाही, घरचे म्हणतात असली कसली नोकरी. मला पण अपराधी वाटतं. — एक सिस्टर, सायन

उत्तर : सिस्टर, लूकचा दुसरा अध्याय, आठवी ओळ. मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत होते. नाइट ड्युटीच होती ती, आणि ती बातमी मंदिरात झोपलेल्यांना नाही, त्यांना त्यांच्या कामाच्या जागी येऊन सांगितली गेली. बाळ बघून झाल्यावर ते काय करतात? विसाव्या ओळीत आहे, परत जातात. मेंढरं तिथेच होती ना.

तुमची ड्युटी सकाळी आठला सुटत असेल. आमच्याकडे भायखळ्याला २५ तारखेची उपासना साडेनऊला असते. युनिफॉर्मवरच या, मागच्या बाकावर पंखा आहे तिथे बसा, डोळा लागला तर लागू दे, मी शेजारी असेन आणि तुम्हाला उठवणार नाही. चहा आणि केक मात्र तुमच्यासाठी काढून ठेवते.